दहा टक्के आले कुठून?

वित्तीय व्यवस्थापनाच्या प्रश्नपत्रिकेत भांडवल अंदाजपत्रकाचे, म्हणजे दीर्घ मुदतीची गुंतवणूक करावी की नाही हे ठरवण्याचे, गणित आले की त्याच्या शेवटी एक ओळ हमखास असते: भांडवलाचा खर्च 10 टक्के धरावा. भांडवलाचा खर्च म्हणजे पैसा पुरवणाऱ्यांना अपेक्षित असलेला वार्षिक परतावा. त्या ओळीखाली, पुढच्या पाच वर्षांत दर वर्षअखेर मिळणाऱ्या एका रुपयाची त्या दराने आजची किंमत सांगणारे पाच आकडे छापलेले असतात, 0.909, 0.826, 0.751, 0.683 आणि 0.621. वाणिज्य शाखेतून गेलेल्या बहुतेकांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करता करता पुण्यात एम.कॉम.चा अभ्यास सुरू केला, तेव्हा माझेही ते लवकरच पाठ झाले. कॉर्पोरेट फायनान्स आणि गुंतवणूक या विषयांची मूलतत्त्वे विद्यापीठात शिकताना जे हाती लागले त्याविषयी येथे लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या विषयाचा खरा जीव त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि परीक्षेत नेमकी तीच आयती मिळते.

आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक उदाहरण सोडवून झाल्यावर विचारले होते, "हे दहा टक्के आले कुठून?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, प्रश्नातच दिले आहेत." त्यावर सर म्हणाले, "कंपनीत तुम्हाला प्रश्न कोण लिहून देणार आहे?" वर्गात हशा पिकला आणि तास पुढे सरकला, कारण अभ्यासक्रम पुरा करायचा होता. त्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या सगळ्या प्रकरणांत विखुरलेले आहे, हे मात्र बरेच नंतर लक्षात आले.

आधी तो आकडा किती फरक पाडतो ते पाहावे. समजा, 10 लाख रुपयांचे एक यंत्र पुढची पाच वर्षे दर वर्षअखेर 3 लाख रुपये रोख मिळवून देणार आहे. दहा टक्के दराने या पाच हप्त्यांचे आजचे मूल्य 11 लाख 37 हजार रुपये होते, म्हणजे यंत्राची किंमत वजा जाता निव्वळ वर्तमान मूल्य 1 लाख 37 हजार. दर बारा टक्के धरला तर हीच शिल्लक सुमारे 81 हजारांवर येते, पंधरा टक्क्यांना ती जेमतेम साडेपाच हजार उरते, आणि सोळा टक्क्यांना सुमारे 18 हजारांची तूट दिसू लागते. यंत्र तेच, त्यातून येणारा पैसाही तोच. तरी पंधरा आणि सोळा यांच्या मध्ये कुठे तरी होकाराचा नकार होतो. ते ठिकाण म्हणजेच या यंत्राचा अंतर्गत परतावा दर, साधारण 15.24 टक्के. परीक्षेत विद्यार्थ्याचा सगळा वेळ अंशातील आकडे मांडण्यात जातो. घसारा वजा करायचा, कर काढायचा, मग घसारा परत मिळवायचा आणि शेवटच्या वर्षी मोडीची किंमत व खेळते भांडवल धरायचे, हा क्रम हाताला इतका बसतो की छेदाकडे, म्हणजे दराकडे, पाहण्याचे कारणच उरत नाही.

घसाऱ्याबद्दल जाता जाता एक नोंद करतो, कारण हिशेब विभागातल्या माणसाला ती जिव्हाळ्याची आहे. घसाऱ्यात पैसा कोणाच्याही खिशातून जात नाही, तरीही तो गणितात येतो तो केवळ करामुळे. परीक्षेत घसारा बहुधा सरळ रेषा पद्धतीने समान वाटलेला असतो. आयकरात मात्र सर्वसाधारण यंत्रसामग्रीला 15 टक्के ऱ्हासमान पद्धतीने, म्हणजे दर वर्षी उरलेल्या किमतीवर, मिळतो. म्हणजे वरच्या यंत्रावर पहिल्या पूर्ण वर्षी दीड लाखाचा घसारा, आणि 2019 मध्ये आलेला 22 टक्क्यांचा, अधिभार व उपकर धरून 25.17 टक्क्यांचा, दर स्वीकारलेल्या कंपनीला त्यावर 37-38 हजारांची करबचत. ही बचत पुढच्या वर्षांत कमी कमी होत जाते, त्यामुळे तिचे आजचे मूल्य पुस्तकातल्या समान हप्त्यांशी जुळत नाही.

आता दराकडे वळतो. आपल्याकडे घरात कोणी प्लॉट, सोने किंवा भाच्याच्या धंद्यात पैसे घालण्याचा विषय काढला की वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात: "तेवढ्याच पैशांवर एफडीला किती मिळते?" अर्थशास्त्रात ज्याला संधी खर्च म्हणतात तो याहून नेमका सांगता येणार नाही. फक्त त्या प्रश्नात एक दुरुस्ती करावी लागते, आणि ती करायला एक अख्खे सत्र लागते: तुलना तेवढ्याच जोखमीच्या पर्यायाशी व्हायला हवी. बँकेतल्या ठेवीची जोखीम आणि भाच्याच्या धंद्याची जोखीम एका पारड्यात घालता येत नाही. कंपनीच्या बाबतीतही तेच आहे. बँकेने नऊ टक्क्यांनी कर्ज दिले म्हणून प्रकल्पाचा भांडवली खर्च नऊ टक्के होत नाही, कारण बँकेने तो दर कंपनीची सगळी मालमत्ता तारण पाहून दिलेला असतो, आणि प्रकल्प फसला तर आधी बुडतो तो भागधारक.

संधी खर्चाचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईत आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणापेक्षा अधिक शिकवते. गिरणगावातल्या गिरण्यांची जमीन हिशेबाच्या पुस्तकांत कित्येक दशकांपूर्वीच्या किमतीला नोंदलेली होती. "जागा आपलीच आहे" असे म्हणून ती फुकट धरली तर जुन्या मागांवरही गिरणी चालवणे परवडते असे दाखवता येते. त्याच जमिनीचा बाजारभाव धरला, तर मात्र गिरणीचा प्रत्येक चालू दिवस तोट्याचा दिसतो. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपाची कारणे वेतन, बोनस आणि मान्यताप्राप्त संघटनेविषयीचा राग अशी होती. पण संप लांबत गेला तेव्हा अनेक मालकांना घाई का नव्हती, हे समजायला जमिनीचा हा हिशेब उपयोगी पडतो. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 ने गिरण्यांच्या जमिनीची साधारण तीन भागांत वाटणी ठरवली: मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालकाला विकसित करण्यासाठी उरलेला भाग. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

रोख प्रवाहाच्या तक्त्यात हा सारा बदल एका ओळीत मावतो: विकण्यायोग्य क्षेत्रफळ वाढले, निव्वळ वर्तमान मूल्य वाढले. कोणाचे वाढले, हे तक्ता सांगत नाही, कारण आपण शिकतो ते तंत्र भागधारकाच्या बाजूने मोजण्यासाठीच बनलेले आहे. कामगाराची थकबाकी त्यात देणे म्हणून येते आणि शहराचे मैदान तर येतच नाही. तंत्र यामुळे खोटे ठरते असे मी मानत नाही. जमीन फुकट धरणारा हिशेब नक्कीच अधिक खोटा होता. पण निव्वळ वर्तमान मूल्य हा शब्दप्रयोग वापरताना ते कोणाच्या खिशातले, हे आधी लिहावे, असा माझा आग्रह आहे, आणि उत्तरपत्रिकेतही मी ते लिहितो. गुण वाढत नाहीत, कमीही होत नाहीत.

जोखमीनुसार दर कसा काढायचा याचे पुस्तकी उत्तर भांडवली मालमत्ता मूल्यनिर्धारण प्रारूपात, म्हणजे कॅपएममध्ये आहे. त्याची पायाभरणी हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये केली. एकेका शेअरकडे न पाहता संपूर्ण गुंतवणूकसंचाकडे पाहावे, हे त्यांचे सूत्र. प्रत्येकी 30 टक्के प्रमाण विचलन (परताव्यातील चढउताराचे माप) असलेले दोन शेअर निम्मे-निम्मे घेतले आणि त्यांच्यातील सहसंबंध 0.2 असला, तर संचाचे विचलन सुमारे 23 टक्क्यांवर येते. अशी काही जोखीम विखुरणीने आपोआप विरत असेल, तर ती सोसल्याबद्दल बाजार मोबदला देणार नाही. मोबदला मिळेल तो फक्त संपूर्ण बाजाराबरोबर हलणाऱ्या जोखमीचा. 1964 मध्ये विल्यम शार्प यांनी हा विचार दराच्या समीकरणात बसवला आणि पुढे 1990 चे अर्थशास्त्राचे नोबेल मार्कोविट्झ, शार्प व मर्टन मिलर यांना मिळून दिले गेले. समीकरण सोपे आहे: जोखीमरहित दर, अधिक बीटा गुणिले बाजाराचा जादा परतावा. बीटा म्हणजे तो शेअर बाजाराबरोबर किती हलतो याचे माप, आणि जादा परतावा म्हणजे जोखीमरहित दराहून वरचा.

सोपेपणा तेथेच संपतो. आम्हाला प्रकल्प म्हणून एका सूचिबद्ध कंपनीचा बीटा स्वतः काढायचा होता. एनएसईच्या संकेतस्थळावरून किमती उतरवून घ्यायच्या, महिन्याचे परतावे काढायचे, निफ्टीचे परतावे शेजारच्या स्तंभात ठेवायचे आणि एक्सेलमध्ये स्लोप हे फंक्शन लावायचे, एवढेच काम. पण कंपनीने मध्येच एकास एक बोनस शेअर दिलेले असले तर त्या महिन्यात किंमत निम्म्यावर आलेली दिसते आणि ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग मुदतीचा प्रश्न येतो. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांहून अधिक पडला होता. तो महिना आपल्या मुदतीत घ्यायचा की नाही, यावर बीटा लक्षणीय बदलतो, आणि दोन्ही निवडींच्या बाजूने बोलता येते. लाभांश धरायचा असेल तर निफ्टीचाही एकूण परतावा निर्देशांक घ्यावा लागतो; म्युच्युअल फंडांनाही सेबीने फेब्रुवारी 2018 पासून याच निर्देशांकाशी तुलना करायला लावली आहे.

जोखीमरहित दरासाठी दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा घेण्याची पद्धत आहे. तो सोयीसाठी सात टक्के धरू, आणि बीटा 1.1. बाजाराचा जादा परतावा सहा टक्के मानला तर दर 13.6 येतो, आठ टक्के मानला तर 15.8. कर्ज अजिबात नसलेल्या कंपनीसाठी हाच भांडवलाचा खर्च. आता वरचे यंत्र आठवावे: 13.6 ला ते घ्यायचे आणि 15.8 ला सोडायचे. सहा आणि आठ या दोन्ही अंदाजांच्या बाजूने जाणकार मंडळी उभी आहेत, त्यामुळे दहा लाखांच्या यंत्राचा निर्णय शेवटी त्यांच्यातल्या मतभेदावर येऊन थांबतो. रिचर्ड रोल यांनी 1977 मध्ये त्याहून मूलभूत आक्षेप घेतला होता की प्रारूपातला बाजार म्हणजे सगळी संपत्ती, आणि ती तर मोजताच येत नाही. भारतीय कुटुंबाची संपत्ती जमिनीत, घरात आणि सोन्यात किती असते हे पाहिले तर निफ्टीला बाजार म्हणताना हा आक्षेप आपल्याकडे अधिकच बोचतो.

कर्ज आणि भागभांडवल यांचे प्रमाण बदलून हा दर खाली आणता येईल का, या प्रश्नाला फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी 1958 मध्ये दिलेले उत्तर वर्गाला सुरुवातीला चेष्टेचे वाटते. कर नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, सगळ्यांना सारखी माहिती, आणि माणसाला व कंपनीला एकाच दराने कर्ज; अशा जगात भांडवलरचनेने कंपनीचे मूल्य बदलत नाही. असे जग कुठे आहे, असे विचारून विद्यार्थी गृहीतके पाठ करतो आणि पुढे जातो. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातले हे सर्वांत उपयोगी प्रकरण आहे, कारण ते पुरावा देण्याची जबाबदारी उलटवते. कोणी सल्लागार येऊन म्हणाला की कर्ज वाढवले तर कंपनीचे मूल्य वाढेल, तर त्याला विचारता येते की चारपैकी कोणत्या गृहीतकाच्या मोडण्यातून ते वाढणार आहे. करातून, असे उत्तर आले तर त्याचा आकडा काढता येतो. स्वतः या दोघांनीच 1963 मध्ये करापुरती दुरुस्ती केली होती. उत्तरच आले नाही, तर सल्ल्याची फी वाचते.

लाभांशाच्या बाबतीतही हाच घाट आहे. आपल्याकडे लाभांशाचा शेअरच्या किमतीशी संबंध जोडणारी वॉल्टर आणि गॉर्डन यांची सूत्रे भक्तिभावाने सोडवून घेतात, पण कंपन्यांचे लाभांश धोरण हलते ते बहुधा कराने. 1997 पासून लाभांशावरचा वितरण कर कंपनी भरत असे. 1 एप्रिल 2020 पासून तो गेला आणि लाभांश भागधारकाच्या हाती त्याच्या त्याच्या दराने करपात्र झाला. निवृत्तीनंतर लाभांशावर घर चालवणाऱ्या छोट्या भागधारकाचे त्यात बरे झाले आणि वरच्या टप्प्यातल्या प्रवर्तकाचे नुकसान. सूत्रात या दोघांसाठी एकच चिन्ह आहे.

खेळत्या भांडवलाचे प्रकरण सर्वांत नीरस समजले जाते. बँकांनी उद्योगांना खेळत्या भांडवलासाठी किती कर्ज द्यावे हे सुचवणारी टंडन समिती 1974 मध्ये नेमली गेली. तिने सुचवलेल्या कर्जमर्यादेच्या पद्धती बँकांवर सक्तीच्या राहिल्या नाहीत याला किती तरी वर्षे झाली, तरी त्या अजून परीक्षेला येतात. मी ज्या पट्ट्यात काम करतो तेथे मात्र छोटे पुरवठादार नफ्याअभावी बंद पडण्यापेक्षा वसुलीअभावी अधिक पडतात. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. ते व्याज मागायला जाणारा पुरवठादार पुढची ऑर्डर गमावतो, म्हणून कोणी मागत नाही. आयकरात 2024-25 च्या करनिर्धारण वर्षापासून अशी वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळेनाशी झाली, आणि मार्चअखेरीस आमच्या विभागातले फोन एकाएकी वाजू लागले. इतकी वर्षे पुरवठादार विनाव्याज कर्ज देत होता, ही गोष्ट ताळेबंदात 'व्यापारी देणी' या सौम्य नावाखाली होतीच.

लघुप्रबंधासाठी मी सहकारी साखर कारखाना निवडला आहे, कारण वर सांगितलेले जवळजवळ काहीही तेथे सरळ लागू होत नाही. सभासदाच्या शेअरला बाजार नाही, त्यामुळे बीटा काढण्याची सोय नाही. शेअर कितीही असोत, मत एकच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 67 प्रमाणे निबंधकाच्या परवानगीवाचून लाभांश 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही, आणि तसाही सभासद लाभांशासाठी आलेला नसतो, तो उसाच्या भावासाठी आलेला असतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याची घडी बसवली तेव्हापासून नफा भावात वळवण्याचीच रीत आहे. म्हणजे भागधारकाचा रोख प्रवाह शोधायचा तर तो कच्च्या मालाच्या खर्चात शोधावा लागतो, आणि कारखान्याचा ताळेबंद पाहून त्याला तोट्यातला म्हणणारा विश्लेषक अर्धीच गोष्ट वाचत असतो.

असा कारखाना आसवनी उभारून इथेनॉल करायचे ठरवतो तेव्हा दर कोणाचा धरायचा? ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे आणि थकले तर 15 टक्के व्याज. म्हणजे कागदावर तरी शेतकरी 15 टक्क्यांचा सावकार आहे. त्याच शेतकऱ्याने तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून त्याला ते शून्य टक्क्याने पडते. मर्यादा संपली की मग गावातला सावकार, ज्याचा दर महिन्यावर सांगतात. सध्या माझ्या तक्त्यात आसवनीचे निव्वळ वर्तमान मूल्य तीन स्तंभांत आहे: बँकेच्या मुदत कर्जाच्या दराने, 15 टक्क्यांनी आणि कॅपएममधून, सूचिबद्ध खासगी साखर कंपन्यांच्या बीटावरून काढलेल्या दराने. मार्गदर्शकांनी चौथा स्तंभ सुचवला आहे: सभासदांनाच विचारावे की आज टनामागे शंभर रुपये कमी घेतले तर पाच वर्षांनी किती जादा मिळाल्यावर ते राजी होतील. प्रश्नावली तयार आहे; गळीत हंगाम संपल्यावर, हातात थोडी उसंत असताना माणसे बोलतील, म्हणून थांबलो आहे.